हललेला फोटो

मराठीत फोटो ‘हलतो’. लग्नाचा अल्बम चाळताना एखादा चेहरा पुसट दिसला, की आपण ‘हा हललाय’ म्हणतो आणि पान उलटतो. हलले कोण? फोटोतला माणूस, फोटो काढणारा, की कोणीच हलले नव्हते आणि काचेनेच दगा दिला? हे आपण विचारत नाही. या वाक्यात दोष कोणाच्याच माथी येत नाही. फोटोच आपला आपण हललेला असतो.

आमच्या घरात असा एक फोटो आहे, १९५३ सालचा. गावच्या घराच्या ओट्यावर आणि पायऱ्यांवर मिळून तेरा माणसे. मधोमध फेटा बांधलेले पणजोबा, आजूबाजूला आजोबा, चुलत आजोबा, मांडीवर पोरे घेतलेल्या बायका. तालुक्याहून बोलावलेल्या फोटोग्राफरने तिकाटण्यावर लाकडी कॅमेरा उभा केला, डोक्यावरून काळे कापड घेतले, ‘कोणी हलायचं नाही’ असे बजावले, लेन्सवरचे झाकण काढले आणि आकडे मोजून परत बसवले. बारा जण लख्ख आले. पहिल्या पायरीवर बसलेल्या माझ्या सात वर्षांच्या आत्याला मात्र चेहराच नाही. फ्रॉकची झालर दिसते, गुडघ्यांवर ठेवलेले हात दिसतात आणि मानेच्या वर धुरासारखे काहीतरी. ‘आत्याने फोटो घालवला’ हे वाक्य आमच्याकडे पुढची पन्नास वर्षे प्रत्येक दिवाळीला म्हटले गेले. तिच्या लहानपणाचा तो एकच फोटो आहे.

त्या फोटोमुळे मी हललेल्या फोटोंचा इतिहास वाचू लागले. वाचता वाचता लक्षात आले, की पुसटपणाची कारणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि प्रत्येक कारण आपली वेगळी खूण ठेवून जाते. समोरची वस्तू हलली, तर तेवढीच वस्तू फराटल्यासारखी येते आणि मागची भिंत स्वच्छ राहते. कॅमेरा हलला, तर भिंत, माणूस, झाड सगळेच एका दिशेने ओढले जाते. दिव्याचा ठिपका रेघ होतो. फोकस चुकला, तर ठिपक्याची रेघ होत नाही, गोल चकती होते, आणि बहुधा चेहऱ्याऐवजी त्याच्या मागचे किंवा पुढचे काहीतरी नेमके आलेले असते. लेन्सच सदोष असेल, तिच्यावर बोटाचा ठसा असेल किंवा कोकणातल्या पावसाळ्यात धरते तशी बुरशी धरली असेल, तर सगळ्या चित्रावर एक साय येते. म्हणजे पुसट फोटो मुका नसतो. कोण हलले, हे तो सांगत असतो. फक्त त्याची साक्ष काढावी लागते.

ही साक्ष छायाचित्रणाच्या जन्मापासून उपलब्ध आहे. १८३८ च्या सुमारास लुई दागेरने पॅरिसमधल्या आपल्या घराच्या खिडकीतून खालच्या ‘बुलवार द्यु तांप्ल’ या रस्त्याचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर घेतले. नाटकगृहांचा तो गजबजलेला रस्ता. बग्ग्या, घोडे, माणसे यांची सतत ये-जा. चित्रात मात्र रस्ता ओस पडलेला आहे. दुतर्फा झाडे, घरांची धुराडी, खिडक्यांच्या चौकटी सगळे नखाएवढ्या तपशिलासह आहे, फक्त माणसे नाहीत. त्या पत्र्याला प्रकाश टिपायला काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात जो चालत गेला त्याची खूण पत्र्यावर राहिलीच नाही. पुसटपणाची ही परमावधी: इतके हलले, की पुसटही उरले नाहीत.

कोपऱ्यात मात्र एक माणूस उभा आहे. त्याने एक पाय उचलून ठेवला आहे, कारण तो बूट पॉलिश करून घेतो आहे. पाय आणि कंबर तेवढा वेळ स्थिर राहिली म्हणून तो उरला. माणसाची आकृती आलेले हे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र मानतात. तारयंत्रामुळे पुढे नावाजलेला सॅम्युएल मोर्स १८३९ च्या वसंतात पॅरिसमध्ये होता. त्याने दागेरची ही चित्रे पाहिली आणि भावाला पत्रातून कळवले, की हलणाऱ्या वस्तूंचा ठसा उमटत नाही. रस्ता रिकामा दिसतो, फक्त बूट घासून घेणारा एकटा उरला आहे. त्याच्या पायाशी वाकलेला पॉलिशवाला नीट दिसत नाही. त्याचे हात चालू होते. ज्याने पाय पुढे केला तो इतिहासात गेला, ज्याने काम केले तो डाग झाला. यात कोणाचा कट नव्हता, हा रसायनाचा हिशेब होता. पण हा हिशेब पुढे अनेक वर्षे असाच लागत राहिला.

कारण फोटोत यायचे तर स्थिर राहणे भाग होते, आणि स्थिर राहणे ही सगळ्यांना सारखी परवडणारी गोष्ट नव्हती. युरोपातल्या स्टुडिओंत खुर्चीच्या मागे लोखंडी दांडा असे. त्याला वर दोन बोटांसारखा चिमटा असे, तो डोक्याला मागून आधार देई. जुन्या फोटोंत उभ्या माणसाच्या बुटांमागे त्या दांड्याचे पाय कधीकधी डोकावतात. हे दांडे मेलेल्या माणसांना उभे करण्यासाठी होते अशी एक समजूत आजही फिरते. ती चुकीची आहे. प्रेताचे वजन त्या दांड्याने पेललेच नसते. त्याची गरज जिवंतांना होती, कारण जिवंत माणूस हलतो. उलट मृताच्या शेवटच्या फोटोत कधीकधी तोच सर्वांत रेखीव येई आणि शेजारी बसलेले आईबाप किंचित पुसट.

हिंदुस्थानात छायाचित्रण लवकर आले आणि मुंबईत ते चटकन रुजले. १८५४ मध्ये ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिच्यात होते. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथेच शिकले आणि पुढे त्यांनी मुंबईत व्यवसाय थाटला. तोवर ओल्या कलोडियनची रीत आली होती. काचेवर चिकट द्राव ओतायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. आपल्या उन्हाळ्यात काच भराभर सुके. समोरच्याला काही सेकंद दगडासारखे बसवणे आणि स्वतः घामाघूम होऊन धावणे, दोन्ही एकाच माणसाला करावे लागे.

आता प्रश्न असा, की दगडासारखे बसायला सांगण्याचा अधिकार कोणाचा? संस्थानिक, शेटजी आपल्या हौसेने बसत. पण १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड निघाले. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी ते संपादित केले. जाती-जमातींचे नमुने म्हणून माणसांचे साडेचारशेहून अधिक फोटो त्यांत चिकटवलेले आहेत. १८५७ च्या उठावानंतरच्या सरकारला प्रजा ओळखून ठेवायची होती. त्या पानांवरची माणसे कॅमेऱ्याकडे पाहतात ती बहुतेकदा आवळलेल्या चेहऱ्याने, आणि खालचा मजकूर त्यांच्या स्वभावाचा निकाल देऊन मोकळा होतो. तो आवळलेपणा स्वभावाचा होता, की श्वास रोखून बसण्याचा? ‘हलू नका’ या हुकुमाचा ताण आपण चेहऱ्याचा गुण म्हणून वाचत आलो असू, ही शंका मला ते फोटो पाहताना सोडत नाही.

त्या काळातला लखनौचा एक फोटो याहून जड आहे. नोव्हेंबर १८५७ मध्ये सिकंदरबागेत इंग्रजी फौजेने बंडवाल्या शिपायांची कत्तल केली. फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार तिथे पोहोचला तो १८५८ मध्ये, काही महिन्यांनी. त्याच्या फोटोत मागे तोफगोळ्यांनी फुटलेली इमारत आहे, पुढे अंगणभर हाडे आणि कवट्या. चित्रासाठी ती हाडे पुन्हा उकरून मांडली असावीत, असे अनेक अभ्यासकांना वाटते. फोटो अत्यंत स्पष्ट आहे. एकेक बरगडी मोजता येते. म्हणजे नेमकेपणा आणि खरेपणा या दोन गोष्टी एकच नाहीत, हे आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या युद्धफोटोंनीच सांगून ठेवले आहे. स्पष्ट फोटोही रचलेला असू शकतो. हललेला फोटो रचणे त्या मानाने कठीण.

याच सुमारास इंग्लंडमध्ये एका बाईने पुसटपणा मुद्दाम पत्करला. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरून १८१५ मध्ये कलकत्त्यात जन्मली. तिचा नवरा चार्ल्स हे कॅमेरून हा मेकॉलेच्या कायदे आयोगातला सभासद. संसाराची बरीच वर्षे कलकत्त्यात काढून हे कुटुंब इंग्लंडला गेले. १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. कोंबड्यांच्या खुराड्याचा तिने स्टुडिओ केला. टेनिसनसारखा कवी, हर्शेलसारखा शास्त्रज्ञ, घरातल्या मोलकरणी, शेजारची पोरे, सगळ्यांना तिने समोर बसवले. काचा मोठ्या, उजेड कमी, लेन्स जवळ आणलेली. त्यामुळे नाकाचा शेंडा स्पष्ट तर कान धूसर. त्यात बसणे काही मिनिटांचे असे, म्हणून चेहरा श्वासासरशी किंचित हले. दोन्ही कारणे एकाच काचेवर उतरत.

फोटोग्राफीच्या मासिकांनी तिला धारेवर धरले. हिला फोकस करता येत नाही, काचेवर डाग राहतात, ही बाई आळशी आहे, असा सूर होता. तिने पुढे आठवणींत लिहिले, की फोकस जुळवताना जिथे चित्र तिच्या डोळ्याला सुंदर दिसे तिथेच ती थांबे. इतर लोक आग्रह धरतात तसा स्क्रू आणखी फिरवत बसत नसे. हे थांबणे महत्त्वाचे. तिच्या टीकाकारांना पुसटपणाचे एकच कारण ठाऊक होते, हाताचे अडाणीपण. कोणी जाणून थांबू शकते, हे त्यांच्या यादीत नव्हते. १८७५ मध्ये कॅमेरून दांपत्य सिलोनला गेले आणि १८७९ मध्ये ती तिथेच वारली. आज हर्शेलचा चेहरा आठवायचा म्हटले, की तिचाच फोटो पुढे येतो.

पुढच्या पन्नास-साठ वर्षांत काचेची फिल्म झाली, मिनिटांचे सेकंद आणि सेकंदांचे शतांश झाले, आणि कॅमेरा तिकाटण्यावरून माणसाच्या हातात आला. आता समोरचा हलला तरी चाले; पण फोटो काढणाऱ्याचा हात हलू लागला. या हाताची सर्वांत गाजलेली कथा ६ जून १९४४ ची आहे. नॉर्मंडीच्या ‘ओमाहा’ किनाऱ्यावर अमेरिकी सैन्य उतरले तेव्हा रॉबर्ट कापा ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी त्यांच्यासोबत पाण्यात होता. त्याचे दहा-अकरा फोटो उरले. गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेला, पुढे सरपटणारा एक सैनिक. त्याचा चेहरा, लाटा, मागचे लोखंडी अडथळे, सगळेच हललेले.

‘लाइफ’ने १९ जूनच्या अंकात फोटो छापले आणि खाली लिहिले, की त्या क्षणाच्या उत्तेजनेत कापाचा कॅमेरा हलला. कापाला हे रुचले नसावे. १९४७ मधल्या आठवणींच्या पुस्तकात त्याने दुसरे कारण दिले. त्याने शंभराहून अधिक फोटो काढले होते. लंडनच्या डार्करूममध्ये सहायकाने घाईत फिल्म सुकवताना उष्णता जास्त दिली, फिल्मवरचा लेप वितळला आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके फोटो वाचले. पुस्तकाचे नाव मात्र त्याने ठेवले ‘स्लाइटली आउट ऑफ फोकस’, म्हणजे फोकस जरासा चुकलेला. एका फोटोमालिकेच्या पुसटपणाला तीन कारणे झाली: थरथरता हात, तापलेली डार्करूम आणि चुकलेला फोकस.

फोटोंनाच विचारले तर ते काय सांगतात? सैनिकाचा फोटो पाहा. त्यातल्या कडा एका दिशेने ओढल्या गेल्या आहेत. ही खूण हलण्याची आहे. फोकस चुकला असता तर चकत्या दिसल्या असत्या. लेप वितळला असता तर चित्र ओघळले असते, एकसारखे सरकले नसते. २०१४ पासून ए. डी. कोलमन आणि इतर काही जणांनी डार्करूमची कथाच खोडून काढायला घेतली. साध्या सुकवण्याच्या कपाटातली उष्णता तो लेप वितळवू शकत नाही, आणि कापाने कदाचित तेवढेच फोटो काढून किनारा सोडला असावा, असे त्यांचे म्हणणे. ‘लाइफ’च्या लंडन कचेरीत त्या दिवशी फोटो-संपादक असलेल्या जॉन मॉरिसने सत्तर वर्षे वितळलेल्या फिल्मची गोष्ट सांगितली होती, उतारवयात त्यानेही ही शक्यता मान्य केली.

यामुळे कापा लहान होतो असे मला वाटत नाही. गोळ्या चुकवत पाण्यात उभा राहिलेला माणूस दहा फोटो काढून परतला, तरी ते दहा फोटो खरेच आहेत. वाईट एवढेच वाटते, की घाबरलेल्या हाताची लाज वाटावी अशी वेळ त्याच्यावर आली आणि एका अनाम सहायकाच्या डोक्यावर सत्तर वर्षे दोष राहिला. हात थरथरला असे जगाला सांगणे अवघड गेले, पण त्या थरथरण्यामुळेच तर तो फोटो आपल्या लक्षात राहिला.

कोणीच न हलता फोटो पुसट येण्याचे उदाहरण आकाशातले आहे. एप्रिल १९९० मध्ये ‘नासा’ने हबल दुर्बीण अवकाशात सोडली. तिथे वारा नाही, धूळ नाही, थरथरणारा हात नाही. तरी जूनमध्ये कळले, की ताऱ्यांभोवती धुक्याचे कडे येते आहे. २.४ मीटरचा आरसा अत्यंत काटेकोरपणे घासलेला होता, पण चुकीच्या आकारात. कडेला तो सुमारे दोन मायक्रॉन जास्त सपाट होता. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आरसा तपासण्याच्या उपकरणातली एक लेन्स १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसली होती. इतर चाचण्यांनी काहीतरी बिनसल्याचे दाखवले होते, पण त्या कमी अचूक म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या.

पुढे जे झाले ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत शहाणपणाचे पान वाटते. शास्त्रज्ञांनी ती पुसट चित्रे टाकून दिली नाहीत. तारा नेमका कसा पसरला आहे, याचा अभ्यास करून त्यांनी आरसा कुठे किती चुकला हे गणिताने मागे जात शोधले. ज्या कारखान्यात आरसा घासला, तिथे ते तपासणीचे उपकरण अजून जपलेले होते. त्याची मोजणी करून हिशेब पडताळला. मग बरोबर उलट चूक असलेले छोटे आरसे घडवले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ते तिथे जाऊन बसवले, चष्मा घालावा तसे. दुर्बीण सुधारली ती पुसटपणा नीट वाचल्यामुळे.

आपल्या खिशातला फोन हे वाचन आपल्या वतीने करतो आणि निकालही लावून टाकतो. बटण दाबण्याच्या आधीपासून तो फोटो टिपत असतो, त्यांतले स्थिर तेवढे निवडतो, हाताचा कंप पुसतो आणि महिन्याच्या शेवटी विचारतो, की हे पुसट फोटो काढून टाकू का? आपण ‘हो’ म्हणतो. सोय चांगली आहे, मीही वापरते. पण पॅरिसच्या रस्त्यावर जे रसायनाच्या मर्यादेमुळे झाले, ते आता आपल्या संमतीने होते. स्थिर राहिले ते उरतात.

गेल्या वर्षी मी १९५३ चा फोटो स्कॅन करून पडद्यावर मोठा केला. मागची भिंत स्वच्छ आहे, शेजारचे काका स्वच्छ आहेत; म्हणजे कॅमेरा हललेला नाही. आत्याच हलली, यात शंका नाही. पण तो धुराचा लोट नीट पाहिला तर त्यात दोन चेहरे आहेत. एक समोर पाहणारा, ठसठशीत. दुसरा फिकट, डावीकडे वळलेला, तोंड उघडे. झाकण उघडे असताना ती आधी सांगितल्याप्रमाणे समोर पाहत होती. मग तिने कशाकडे तरी मान वळवली आणि तिथेच थांबली.

मी पडदा तिच्यासमोर धरला आणि विचारले. चष्मा पुसून तिने बराच वेळ पाहिले.

“अगं, रेडकू सुटलं होतं,” ती म्हणाली. “दावं तोडून सरळ आईच्या मेथीच्या वाफ्यात शिरलं. सगळ्यांना दिसत होतं की! पण तो बाबा म्हणाला होता ना, हलायचं नाही म्हणून.”

बाकीच्या बारा चेहऱ्यांवर त्या रेडकाचा मागमूस नाही.